धाकट्याचं औषध

सोमवार, ७ तारीख, सकाळ

दादा,

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बाळाने जागवलं म्हणशील तर नाही, बाळ हातपाय पसरून ढाराढूर झोपलं होतं. जागवलं तुझ्या धाकट्याने. मोरीच्या दारात आडवा पडून कण्हत होता. जरा माझा डोळा मिटला की ऊंऊं सुरू. उठून जवळ गेले की माझ्याकडे बघायचा पण नाही, दाराकडे बघायचा. खायला घालते मी, फिरवते मी, घाण काढते मी, आणि वाट बघणार तुझी.

काल संध्याकाळी जिन्यात घसरला. शेवटच्या दोन पायऱ्या. मागचा उजवा पाय टेकत नाही, वर धरून तीन पायांवर चालतो. अंग पण कोमट लागतंय.

तुला सांगितलं नाही. काल फोनवर तू विचारलंस, "धाकटा काय म्हणतोय?" मी म्हटलं, "ठीक आहे." मग तुझा आवाज तुटायला लागला, लिफ्ट दुरुस्त करायला खड्ड्यात उतरला असशील. म्हणून लिहून ठेवते. तू त्याला न्यायला येशील तेव्हा हातात देईन. तोंडाने मला जमत नाही, तुला माहितीये.

घरात कोरा कागद नव्हता. तुझ्या बायकोने यादी दिलीय ना, तीन कागदांची, तिच्याच मागे लिहितेय. माझं अक्षर बघून हसू नको. सातवीनंतर दुधाचा हिशोब सोडला तर काही लिहिलं नाही मी.

दादा, एक विचारू? दीड वर्षाने माझ्या दारात आलास. बाळ झालं तेव्हा आला नाहीस, कारण त्या दिवशी ह्या धाकट्याचं ऑपरेशन होतं. गाठ काढायची होती ना. मी तेव्हा बोलले, की भाचा एकीकडे आणि कुत्रं एकीकडे, तर तू कुत्र्याकडे गेलास. ते तुला लागलं. लागू दे. मला पण लागलं होतं. आणि आता आलास ते कशाला, तर तुझ्या बायकोला दिवस गेलेत, पडून राहायला सांगितलंय, म्हणून कुत्र्याला ठेवायला. बस म्हटलं तर, "नको, ती गाडीत आहे, तिला जास्त वेळ बसवत नाही." पाणी पण उभ्यानेच प्यालास. बाळाकडे बघितलंस, गाल ओढलास, बस. आणि कुत्र्याच्या मानेला मिठी मारून पाच मिनिटं बसलास, जमिनीवर, माझ्या उंबऱ्यात. मी मोजली ती पाच मिनिटं.

तू त्याला आणलंस तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. बनियनमध्ये गुंडाळून आणलास आणि म्हणालास, "घ्या, हा आपला धाकटा." तोवर धाकटी मी होते. माझी हाकच ती होती. धाकटे चहा टाक, धाकटे पाना दे. दुसऱ्या दिवसापासून तू हाक मारलीस की आम्ही दोघं धावायचो, आणि तो आधी पोचायचा. चार पायांचा तो.

आणि मग तू त्याला सुई टोचायला दवाखान्यात नेलंस आणि येताना बायको ठरवून आलास. ती त्याचं तोंड धरायची ना तिथे, डॉक्टर सुई देताना. असं तोंड धरलं की तुझं पण बंद झालं.

यादीचा पहिला कागद वाचला. अक्षर काय, छापल्यासारखं. वर लिहिलंय, "वन्सं, धाकट्याचं वजन अठरा किलो, वय अकरा." वन्सं म्हणते मला, सिनेमातल्यासारखं. मग आकडे टाकून एकेक. एक, भातात मीठ नको. दोन, पाणी दिवसातून दोनदा बदलणे. आता मला पाणी बदलायला शिकवणार. मी ह्या कुत्र्याबरोबर वाढलेय. दुसरा तिसरा कागद वाचला नाही आणि वाचणार पण नाही.

आज काज-बटणाचा गठ्ठा द्यायचाय शिंपीणकाकूंना. येताना मेडिकलमधून त्याला काहीतरी आणते. कुणाला विचारायची गरज नाही.

बुधवार, ९ तारीख, दुपार

दादा,

बघ, चालतोय तुझा धाकटा! चारी पायांवर!

सोमवारी मेडिकलमध्ये गेले. कडेवर बाळ, पिशवीत शर्ट. मेडिकलवाला म्हणाला, "बोला ताई."

मी म्हटलं, "आमच्या धाकट्याचा पाय मुरगळलाय. अंग गरम लागतंय. रात्रभर कण्हतो."

"वजन किती?"

"अठरा किलो."

"म्हणजे पाच वर्षांचा. उलटी-जुलाब?"

"नाही."

त्याने गुलाबी बाटली काढली. म्हणाला, "एवढा चमचा, दिवसातून तीनदा, खाल्ल्यावर. उपाशीपोटी नको. गोड आहे, पोरं मागून घेतात." आणि बाळाचा गाल ओढून म्हणाला, "काय रे, दादाला बरं नाही का तुझ्या?"

मी हसले.

खरं सांगू का, तोंड उघडलं होतं मी. "पोरगा नाही हो, कुत्रा आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, जनावरांच्या दवाखान्यात न्या. आणि इथे जनावरांचा दवाखाना एकच. तिचा, ती कामाला जायची तो. तिथे सगळे तिला ओळखतात, लगेच तिला फोन जाणार, आणि मग ती तिथून पडल्या पडल्या मला सांगणार असं करा वन्सं, तसं करा वन्सं. आणि तू तिचंच ऐकणार. म्हणून तोंड मिटलं.

बाळाला दाताच्या वेळी असलंच देतो की आपण. बाळापेक्षा नाजूक आहे का कुत्रं?

त्याने चमचा चाटूनपुसून घेतला. दोन तासांनी पाय टेकला. संध्याकाळी शिंपीणकाकू आल्या तर उठून दारापर्यंत गेला शेपूट हलवत. मी खिडकीपाशी काज करत बसले होते, तर आला, आणि हनुवटी ठेवली माझ्या गुडघ्यावर. दादा, अकरा वर्षांत पहिल्यांदा. हातातली सुई तशीच धरून बसले मी, हलले नाही, पाय बधिर झाला तरी. शर्ट उशिरा झाले. काकू बोलल्या. बोलू दे.

मला काय वाटलं सांगू? वाटलं, तू न्यायला येशील आणि तो तुझ्याकडे न जाता माझ्या मागे लपेल. आणि तू म्हणशील, काय गं, काय केलंस ह्याला? आणि मी म्हणेन, काही नाही, बरं केलं. तिला न विचारता.

वाईट आहे असं वाटणं. पण लिहायचं तर खरं लिहिते.

काल फोनवर तू म्हणालास, "ती विचारतेय, जिन्यात घसरत नाही ना तो?" तिला कसं कळलं? तर म्हणालास, "अगं, दुसऱ्या कागदावर लिहिलंय ना तिने, जिन्यात पट्टा आखूड धरायचा. वाचलंस ना?"

"वाचलं की," म्हटलं.

आता ह्याच कागदाच्या मागे लिहितेय. उलटून बघितलं नाही. आता वाचून काय उपयोग, घसरून झालं.

मग तू म्हणालास, "आणि बाळ?" शेवटी. फोन ठेवता ठेवता.

गुरुवार, १० तारीख, संध्याकाळ

दादा,

ह्याच कागदावर खाली जागा आहे तेवढ्यात लिहिते.

सकाळी ओकला. पिवळं पाणी. भात तोंडात घेतला नाही. काल भातात चिकन घातलं होतं ते बाधलं असेल, उन्हाळा आहे. औषध आज दिलं नाही. पोटाला आराम म्हणून.

माझ्या गुडघ्याशी येत नाही आता. मोरीत जाऊन ओल्या फरशीवर पोट टेकून पडतो. हाक मारली तर फक्त डोळा फिरवतो.

तू पाचला फोन केलास. आवाज वेगळा होता तुझा. म्हणालास, "हिला आज परत दाखवलं. डॉक्टरांनी घाबरवलं गं. आता उठायचंच नाही म्हणे, बाळ होईपर्यंत. पाणी प्यायला पण नाही." मग म्हणालास, "तिकडे सगळं ठीक आहे ना? धाकट्याचं टेन्शन नाही एवढंच एक बरं आहे माझ्या डोक्याला."

मी काय म्हणणार होते, दादा?

"ठीक आहे," म्हटलं. "मस्त आहे," पण म्हटलं.

फोन ठेवल्यावर बाळ रडायला लागलं, मी पण. हे टँकर घेऊन गेलेत, रविवारी येतील. उद्यापर्यंत उतरेल. उतरायलाच पाहिजे.

शुक्रवार, ११ तारीख, दुपार, दवाखान्यातून

दादा,

तिसरा कागद. हाच राहिला होता.

सकाळी त्याची शी काळी होती. डांबरासारखी, आणि वास असा की बाळाला उचलून बाहेर पळाले. उभा राहायला गेला तर मागचे पाय फाकले. मी शिंपीणकाकूंचं दार बडवलं. त्या आल्या, बघितलं, बाटली बघितली. म्हणाल्या, "हे कुणाचं?"

"त्याचं."

"अगं येडे! पोरांचं औषध कुत्र्याला? कुणी सांगितलं तुला?"

"मेडिकलवाल्याने."

"त्याला माहीत होतं कुत्रा आहे ते?"

मी बाटली पिशवीत टाकली. काकूंनी ते बघितलं. मग म्हणाल्या, "उचल. मी बाळाला घेते." शर्टांच्या गठ्ठ्याचं कापड होतं, त्यात त्याला घेतलं. अठरा किलो म्हणे. आता तर कापसासारखा लागत होता.

दवाखान्यात दाराशी नोंदीच्या टेबलावर बसतात त्या काकांनी त्याला लगेच ओळखलं. "अरे, हा तर आमच्या बाईंचा धाकटा! काय झालं याला? बाईंना कळवलं का? साहेबांना?" साहेब म्हणजे तू. मी म्हटलं, "हो, फोन केला. भाऊ निघालाय." कसं निघालं तोंडातून, मला कळलं पण नाही. आपोआप येतं ते.

डॉक्टरांनी आत घेतलं. विचारलं, "काय दिलं?"

"काही नाही."

"काही न देता अशी काळी शी होत नाही. आतलं रक्त आहे ते. बाई, मी पोलीस नाही. काय दिलं ते कळलं तर मला पुढचं ठरवता येईल, नाहीतर अंधारात हात मारत बसू."

मी पिशवीतून बाटली काढून दिली.

"किती?"

"एवढा चमचा. तीनदा."

"कधीपासून?"

"सोमवार. कालपर्यंत."

होय दादा. वर लिहिलंय की गुरुवारी दिलं नाही, ते खोटं आहे. दिलं. सकाळी ओकल्यावर दिलं, उपाशीपोटी. दुपारी त्याने तोंड फिरवलं तर जबडा धरून दिलं, तुझी बायको धरायची तसा. तुझा फोन झाल्यावर परत एकदा दिलं. मला वाटलं उद्यापर्यंत चालायला लागला तर कुणाला काही सांगायला नको. कागदावर पण मी तुझ्याशी खोटं बोलले, जिथे कोणी विचारत नव्हतं तिथे.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "माणसाच्या पोराला चालतं हे. कुत्र्याच्या अंगाला नाही. पोटात जखमा होतात, मग किडनी बिघडते. पाय बरा झाला असं वाटलं, कारण दुखणं दाबलं गेलं. आत भलतंच चालू होतं."

मी विचारलं, "जगेल का?"

"सलाईन लावलंय. पोटाची इंजेक्शनं दिलीत. म्हातारा आहे. संध्याकाळपर्यंत लघवी केली तर आशा धरू. पण पोटाला आत भोक पडलं असेल तर लगेच कापावं लागेल, आणि ह्या वयात ते झेपेल की नाही सांगता येत नाही. ते मी मालकाला विचारल्याशिवाय करणार नाही. तुमचे भाऊ किती वाजता पोचतील?"

"येतील," म्हटलं.

आता आतल्या खोलीत बसलेय, काकू बाळाला घेऊन बाहेर बाकावर आहेत. तो लोखंडी टेबलावर आहे, पुढच्या पायाला नळी. नळी ओढतो म्हणून पाय धरून बसायला सांगितलंय मला. एका हाताने धरलाय, एका हाताने लिहितेय. मधून मधून डोळे उघडतो. आज दाराकडे बघत नाही. माझ्याकडे बघतो. हेच पाहिजे होतं ना मला.

लिहायला तिसरा कागद काढला आणि ह्या वेळी उलटा केला. सगळं वाचलं. अक्षर चांगलं आहे, मला पण वाचता आलं. वर दोन नंबर आहेत. खाली "आजारपण" असं लिहून रेघ मारलीय. हे बघ काय लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते:

"माणसाचं कुठलंही औषध देऊ नका. लहान मुलांचं तर अजिबात नाही, गोड असतं म्हणून हा चाटतो. पाय दुखला तर गरम पाण्याचा फडका, आणि लगेच दवाखान्यात, काकांना माझं नाव सांगा."

आणि त्याच्या खाली:

"वन्सं, धाकट्याला तुमच्याकडे ठेवायचं मी म्हटलं. हे नको म्हणत होते. म्हणाले, तिच्या अंगावर लहान बाळ आहे, कशाला तिला त्रास. मी म्हटलं, ती ह्याच्याबरोबर वाढलीय, तिच्याशिवाय कुणाकडे ठेवायला माझं मन घेत नाही. अजून एक. हे सांगतात की धाकटी घाबरली की लपवते. लहानपणी इस्त्रीने शर्ट जाळला तर गादीखाली घातला होता आणि आठ दिवस 'ठीक आहे' म्हणत होती. काही झालं तर लपवू नका. रात्री बेरात्री फोन करा. मला ओरडता येत नाही सध्या, डॉक्टरांनी बंदी केलीय."

दादा, तू अजून मला धाकटी म्हणतोस. तिच्याजवळ. मला माहीत नव्हतं.

आणि तो शर्ट तुझा होता. निळा.

तीनदा तुझा नंबर काढला. पहिल्यांदा वाजायच्या आधीच बंद केला. दुसऱ्यांदा पण. तिसऱ्यांदा लागला, तू उचललास, मागे लोखंडाचा आवाज येत होता, तू म्हणालास, "काय गं? बोल. धाकट्याचं सगळं ठीक?"

आणि मी म्हटलं, "हो. ठीक आहे. असाच केला."

मी वाईट नाही दादा. म्हणजे आहे, पण त्याला मारायचं नव्हतं मला. त्याने एकदा माझ्याकडे यावं एवढंच पाहिजे होतं. माझ्या हातात फोन असला की मी तेच बोलणार, मला आता कळलंय. तो मेला तरी मी ठीक आहे म्हणेन. म्हणून आता खाली लिहिते ते तुझ्यासाठी नाही.

टेबलावरचे काका, किंवा त्यांची पाळी संपली असेल तर जे कोणी बसलं असेल ते,

मी तुम्हाला सांगितलं की भाऊ निघालाय. कोणी निघालेलं नाही. त्याला काहीच माहीत नाही. कुत्र्याला मी पोरांचं औषध दिलं, चार दिवस, आणि मेडिकलवाल्याला मुलगा आहे असं वाटू दिलं. डॉक्टर कापायचं की नाही त्यासाठी त्याची वाट बघतायत आणि त्याला कोणी बोलावलेलंच नाही.

शिंपीणकाकू हा कागद तुमच्यापर्यंत आणतील, मला पाय सोडता येत नाही. कागद उलटा करा. वर दोन नंबर आहेत. पहिला लावू नका, तो माझ्या वहिनीचा आहे, तिला उठायची बंदी आहे आणि ती हे ऐकून उठेल. दुसरा लावा. लागला नाही तर परत लावा, तो लिफ्टच्या खड्ड्यात असतो, वर आला की लागतो. त्याला सांगा धाकट्याला सलाईन लावलंय. सांगा कशाने झालं, बाटलीचं नाव डॉक्टरांकडे आहे. सांगा धाकटीने केलं. तो म्हणेल तिला फोन द्या. मला देऊ नका. मी परत ठीक आहे म्हणेन आणि तो यायचा नाही.

तुम्हीच बोला. आत्ता लावा. माझ्या दादाला फोन करा.